एक खुर्ची, चार सभागृहे

24 जानेवारी 1946 रोजी दिल्लीच्या कौन्सिल हाउसमध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचा अध्यक्ष निवडण्यासाठी मतदान झाले. एका बाजूला मुंबईचे सर कावसजी जहांगीर, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे गणेश वासुदेव मावळंकर. सरकारी बाकांची मते कावसजींच्या पारड्यात होती. मोजणी झाली तेव्हा मावळंकरांना 66 आणि कावसजींना 63 मते पडलेली दिसली. तीन मतांच्या फरकाने मावळंकर त्या खुर्चीवर बसले आणि पुढची दहा वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, 1947 मधला थोडा खंड सोडला तर ती खुर्ची त्यांच्याकडे राहिली.

खुर्ची तीच राहिली, पण तिच्यासमोरचे सभागृह या दहा वर्षांत तीन वेळा बदलले. पहिले सभागृह व्हाइसरॉयच्या छायेतले होते. दुसरे घटना समितीचे, कायदे करण्यापुरते भरणारे. तिसरी होती हंगामी संसद आणि चौथी 1952 ची पहिली लोकसभा. देशाची संसद कशी घडते, तिच्या हाती सत्ता कशी येते आणि ती वापरायला ती कशी शिकते, हे पाहायचे तर या चार सभागृहांमधून जाणारी वाट धरावी लागते.

मावळंकरांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. जन्म 1888 मध्ये बडोद्यात झाला, वकिली अहमदाबादेत केली. घरची भाषा मराठी आणि सार्वजनिक आयुष्य गुजरातीत, असा हा माणूस अहमदाबाद नगरपालिकेचा अध्यक्ष झाला, सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि 1937 मध्ये मुंबई विधानसभेचा अध्यक्ष झाला. सभा कशी चालवावी हे त्यांनी मुंबईत शिकून घेतले होते. दिल्लीत त्यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. ज्या सभेला सरकार जुमानत नाही, ती चालवायची कशासाठी?

बोलण्याची मुभा, सत्ता नाही

त्या प्रश्नाची मुळे 1919 च्या कायद्यात होती. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी दिल्लीत दोन सभागृहे दिली, वरचे राज्य परिषद आणि खालचे मध्यवर्ती कायदेमंडळ. 1921 मध्ये ती भरू लागली. खालच्या सभागृहाच्या 145 जागांपैकी 104 निवडून येणाऱ्या होत्या. उरलेल्या 41 जागांवर सरकारने नेमलेले लोक बसत आणि त्यांतले 26 सरकारी अधिकारीच असत. मतदानाचा हक्क मालमत्ता आणि कर यांवर ठरत असल्यामुळे मतदार फार थोडे होते. तरीही निवडून आलेल्यांचे बहुमत होते. मग सरकारला अडचण कुठे होती?

अडचण येऊच नये अशी तजवीज कायद्यात होती. व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ या सभेला जबाबदार नव्हते. ते लंडनला उत्तर देत असे. सभेने त्याच्यावर कितीही ठपका ठेवला तरी त्याला राजीनामा द्यावा लागत नसे. अर्थसंकल्पातला मोठा भाग, लष्कराच्या खर्चासह, मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. जो भाग मतदानाला येई त्यातली फेटाळलेली रक्कम गव्हर्नर जनरल परत घालू शकत असे. सभेने नाकारलेले विधेयकही ते राज्याच्या सुरक्षिततेसाठी वा हितासाठी आवश्यक आहे असा दाखला देऊन तो मंजूर करून घेऊ शकत असे.

1923 मध्ये हे उघड्यावर आले. तूट भरून काढण्यासाठी सरकारने मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करायचे ठरवले. कायदेमंडळाने तो प्रस्ताव फेटाळला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला दाखला वापरला आणि दुप्पट कर लागू झाला. मिठासारख्या गरिबाच्या गरजेवर कर बसवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारही त्या सभेला नव्हता. पुढे सात वर्षांनी गांधीजी दांडीला चालत गेले, त्यामागे असे अनेक अनुभव होते.

तरीही या दुबळ्या सभेत एका माणसाने खुर्चीचे सामर्थ्य दाखवून दिले. 1925 मध्ये विठ्ठलभाई पटेल 58 विरुद्ध 56 मतांनी अध्यक्ष झाले. निवडून आलेले ते पहिले भारतीय अध्यक्ष. सप्टेंबर 1928 मध्ये कम्युनिस्टांना आवर घालण्यासाठी आणलेल्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते समसमान पडली, 61 विरुद्ध 61. विठ्ठलभाईंनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले. सरकारने पुढच्या वर्षी ते पुन्हा आणले. मार्च 1929 मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह कामगार पुढाऱ्यांना मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी पकडले गेले होते. जो विषय न्यायालयात आहे त्यावर सभेत मोकळेपणे चर्चा होऊ शकत नाही आणि चर्चेविना विधेयक पुढे जाऊ शकत नाही, असा पेच विठ्ठलभाईंनी सरकारपुढे टाकला. 8 एप्रिलला ते निर्णय देण्यासाठी उठत असतानाच प्रेक्षक सज्जातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. त्यानंतर काही दिवसांतच विठ्ठलभाईंनी विधेयक नियमबाह्य ठरवले. व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून तोच मजकूर अमलात आणला.

या घटनेत दोन्ही गोष्टी दिसतात. सभेच्या नियमांत ताकद असते. ते नीट वापरले तर साम्राज्याचे विधेयकही अडते. पण सभेला वळसा घालण्याचा रस्ता, म्हणजे वटहुकूम, सरकारच्या हाती मोकळा असेल तर त्या ताकदीला अर्थ उरत नाही. विठ्ठलभाईंनी आणखी एक टिकाऊ काम केले. कायदेमंडळाची कचेरी सरकारच्या खात्याखाली होती. ती जानेवारी 1929 मध्ये वेगळी करून त्यांनी अध्यक्षाच्या अखत्यारीत आणली. सभेची कागदपत्रे, नोंदी, कर्मचारी सरकारच्या हाती असतील तर सभा सरकारला प्रश्न विचारू शकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आजची लोकसभा सचिवालयाची व्यवस्था त्या निर्णयापासून सुरू होते.

एकाच छताखाली दोन कामे

मावळंकर 1946 मध्ये अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्या इमारतीत दुसरी सभा जन्माला आली. कॅबिनेट मिशनच्या योजनेनुसार जुलै 1946 मध्ये प्रांतिक विधानसभांनी घटना समितीचे सदस्य निवडले. योजनेत 389 जागा होत्या, त्यांपैकी 93 संस्थानांसाठी. 9 डिसेंबर 1946 रोजी पहिली बैठक भरली तेव्हा मुस्लिम लीगची बाके रिकामी होती. 13 तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. लीग आणि संस्थाने येईपर्यंत तो पुढे ढकलावा, अशी सूचना पुण्यामुंबईच्या सार्वजनिक जीवनातले जुने जाणते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी केली आणि तिच्यावर बरीच चर्चा झाली. ठराव अखेर 22 जानेवारी 1947 रोजी मंजूर झाला. जयकरांनी पुढे आपली जागा सोडली. बंगालमधून निवडून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर फाळणीमुळे आपल्या जागेला मुकले होते. ते जुलै 1947 मध्ये मुंबईतून त्या जागी निवडून आले. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष घटना समितीत परत आला तो असा.

14 ऑगस्टच्या मध्यरात्री जुने कायदेमंडळ आणि राज्य परिषद दोन्ही संपली. मावळंकरांचे अध्यक्षपदही त्यांच्याबरोबर संपले. भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने देशाचे कायदे करण्याचा अधिकार घटना समितीकडे आला. म्हणजे एकाच सभेने देशाची घटनाही लिहायची आणि रोजचा कारभारही पाहायचा: निर्वासितांसाठी पैसे मंजूर करायचे, मंत्र्यांना जाब विचारायचा. हे कसे करायचे हे ठरवण्यासाठी ऑगस्टमध्येच मावळंकरांच्याच अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. काही दिवसांतच तिने अहवाल दिला. दोन्ही कामे त्याच सदस्यांनी करावीत, पण वेगवेगळ्या दिवशी करावीत, आणि कायदे करणाऱ्या सभेला स्वतःचा अध्यक्ष असावा, असा सल्ला तिने दिला.

यात एक तत्त्व होते. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद अन्न खात्याचे मंत्री होते. मंत्री ज्या सभेला उत्तर देणे लागतो, त्याच सभेचा तो अध्यक्ष कसा असेल? 17 नोव्हेंबर 1947 रोजी घटना समिती कायदेमंडळ म्हणून बसली आणि तिने मावळंकरांना अध्यक्ष निवडले. घटनेची चर्चा मध्यवर्ती सभागृहात चाले, कायद्यांची चर्चा जुन्या कायदेमंडळाच्या दालनात. माणसे तीच, पण दालन बदलले की भूमिका बदले. 26 नोव्हेंबरला अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला. साडेसात महिन्यांसाठी 171.15 कोटींचा महसूल आणि 197.39 कोटींचा खर्च, त्यात 92.74 कोटी संरक्षणासाठी. आकडा छोटा, तूट मोठी आणि देश निर्वासितांनी भरलेला. पण आता त्यातली रक्कम नामंजूर झाली तर ती परत घालणारा व्हाइसरॉय नव्हता. 1923 मध्ये जी सत्ता सभेकडे नव्हती ती आता होती.

निवडणुकीआधीची सत्ता

26 जानेवारी 1950 रोजी घटना अमलात आली आणि तेच सभागृह हंगामी संसद झाले. या काळाकडे आपले इतिहासलेखन फारसे पाहत नाही. माझ्या मते तो सर्वांत अवघड काळ होता. संसदेकडे पूर्ण सत्ता आली होती, पण ती सत्ता लोकांनी थेट दिलेली नव्हती. सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडलेले होते आणि त्या विधानसभा प्रौढांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या मतांवर उभ्या होत्या.

अशा सभेने किती मोठे निर्णय घ्यावेत? तिने घेतले. 25 फेब्रुवारी 1950 रोजी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा एका दिवसात मंजूर झाला. घटना अमलात येऊन महिनाही झालेला नव्हता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दोन वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिले. त्यांतले ‘क्रॉस रोड्स’ मुंबईहून निघत असे. जमीनदारी निर्मूलनाचे कायदेही न्यायालयांत अडकू लागले. मे 1951 मध्ये सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली. भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढल्या आणि जमीन सुधारणेच्या कायद्यांना नव्या नवव्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले. लोकांनी निवडून न दिलेल्या सभेने लोकांच्या घटनेला हात लावावा का, असा सवाल श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी सभागृहात उभा केला. प्रौढ मतदानावर पहिली निवडणूक काही महिन्यांवर आली होती. तरीही 228 विरुद्ध 20 मतांनी दुरुस्ती झाली. सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबरमध्ये ती वैध ठरवली. कायद्याने संसद बरोबर होती. पण मुखर्जींचा प्रश्न कायद्यापलीकडचा होता आणि त्याचे उत्तर न्यायालयाकडे नव्हते.

त्याच सभेत उलट उदाहरणही घडले. हिंदूंच्या विवाहाचे आणि वारशाचे नियम बदलणारे हिंदू कोड बिल विरोधाच्या रेट्यामुळे पुढे सरकेना. सप्टेंबर 1951 मध्ये विवाह आणि घटस्फोटाची कलमेही बाजूला ठेवली गेली आणि कायदामंत्री आंबेडकरांनी राजीनामा दिला. आम्हाला लोकांनी निवडून दिलेले नाही, मग समाजाची इतकी खोल रचना बदलण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला, हा विरोधकांचा मुद्दा सरकारच्या पायांत बेडी होऊन पडला. जी सभा घटना बदलू शकली, ती हिंदू स्त्रीला वारसा देऊ शकली नाही. जनादेश नसेल तर सत्ता बंदोबस्ताच्या कायद्यात चालते आणि समाज बदलायची वेळ आली की कचरते.

याच हंगामी संसदेने स्वतःवरचा अधिकारही वापरला. मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी सभागृहात प्रश्न विचारले, दुरुस्त्या मांडल्या, असा आरोप आला. टी. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. रक्कम काही हजारांची होती. सप्टेंबर 1951 मध्ये हकालपट्टीचा ठराव चर्चेला आला आणि मुदगल यांनी राजीनामा दिला. सभागृह तेवढ्यावर थांबले नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता, असे त्याने ठरावाने नोंदवले. प्रश्न विचारण्याचा अधिकार विक्रीला निघाला तर सभेच्या हाती काहीच उरत नाही, हे त्या सदस्यांना कळले होते.

सतरा कोटी नावे

जनादेशाची तयारी घटना पूर्ण होण्याआधीच सुरू झाली होती. प्रत्येक प्रौढाला मत देण्याचे ठरल्यावर घटना समितीच्या सचिवालयाने मार्च 1948 मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना मतदारयाद्या करायला सांगितले. 1 जानेवारी 1949 रोजी 21 वर्षे पूर्ण होणारा आणि ठरावीक मुदत त्या जागी राहिलेला प्रत्येकजण यादीत यायचा होता. पण पंजाब आणि बंगालमधून आलेल्या लाखो निर्वासितांना मुदतीची अट कशी लावायची? सचिवालयाने तोडगा काढला: इथेच कायम राहण्याचा आपला इरादा आहे एवढे निर्वासिताने लिहून दिले की त्याचे नाव घ्यायचे. घर गमावलेल्या माणसाला नव्या देशाने आधी दिलेल्या गोष्टींत मतदाराची ओळख होती. देशाच्या नागरिकत्वाची कलमे त्या वेळी कागदावर अजून पक्की झालेली नव्हती.

मार्च 1950 मध्ये सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्यापुढे 17 कोटी 32 लाख मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह: काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. मतदाराने काही लिहायचे नव्हते. मतपत्रिका आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची. या मतपत्रिका नाशिकच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या आणि लाखो लोखंडी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. याद्या टंकलिखित करण्यासाठी सहा महिन्यांच्या कराराने सोळा हजारांवर कारकून नेमले होते.

एका ठिकाणी मात्र ही यंत्रणा थांबली. उत्तरेकडच्या काही प्रांतांत बायकांनी यादीत स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. मुदत देऊनही ज्यांनी नाव दिले नाही अशा सुमारे 28 लाख स्त्रियांना यादीतून वगळावे लागले. निर्णय कठोर होता, पण त्यामागचा आग्रह योग्य होता. मत ज्या व्यक्तीचे, तिला स्वतःचे नाव हवेच. दुसऱ्याच्या नात्याने ओळखली जाणारी बाई राज्याच्या दफ्तरात नागरिक म्हणून उभी राहत नाही.

25 ऑक्टोबर 1951 ला हिमाचलात बर्फ पडण्याआधी पहिली मते पडली आणि फेब्रुवारी 1952 मध्ये मतदान संपले. 401 मतदारसंघांतून 489 सदस्य निवडले गेले; 86 मतदारसंघांतून दोघे आणि उत्तर बंगालमधल्या एकातून तिघे निवडून आले. सुमारे 45 टक्के मतदारांनी मतदान केले. काँग्रेसला तेवढ्याच टक्के मतांवर 364 जागा मिळाल्या आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या कम्युनिस्टांना 16. एवढ्या मोठ्या बहुमतापुढे विरोधक किती टिकतील, ही शंका त्या दिवसापासून संसदेबरोबर आली. मुंबईत डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून पडले. घटनेच्या शिल्पकाराला मतदाराने नाकारले आणि घटनेनेच उभे केलेल्या दुसऱ्या सभागृहात, राज्यसभेत, ते मुंबई विधानसभेच्या मतांवर गेले.

सरकारला उत्तर द्यायला लावणे

13 मे 1952 रोजी लोकसभा आणि राज्यसभा पहिल्यांदा भरल्या. 15 तारखेला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मावळंकरांसमोर शेतकरी कामगार पक्षाचे सोलापूरचे शंकरराव मोरे उभे होते. दोन्ही उमेदवार मराठी घरातले. मावळंकरांना 394 मते मिळाली आणि मोऱ्यांना 55. सहा वर्षांपूर्वी तीन मतांनी मिळालेली खुर्ची आता प्रचंड बहुमताने मिळाली होती, आणि त्या बहुमतातच नवा धोका होता. पूर्वी सभा सरकारच्या विरोधात होती आणि सरकार तिला जुमानत नव्हते. आता सरकार सभेतूनच जन्मले होते आणि तीन चतुर्थांश सदस्य त्याचेच होते. अशा सभेने सरकारला जाब कसा विचारायचा?

मावळंकरांनी उत्तर भाषणांत शोधले नाही, समित्या आणि नियमांत शोधले. अर्थखाते ताब्यात असलेल्या मंत्र्याने लोकलेखा समितीचे अध्यक्ष असण्याची जुनी प्रथा 1950 मध्येच बंद झाली होती आणि ती समिती सभागृहाच्या अध्यक्षाच्या अखत्यारीत आली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंदाज समिती सुरू झाली: खात्यांचा खर्च कुठे काटकसरीने करता येईल हे पाहायचे आणि मंत्र्याला तिच्यात जागा नाही. 1952 मध्ये कामकाज सल्लागार समिती आली. सरकारला कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार दिला की ते नियम मर्यादेत आहेत का, हे पाहणारी समिती 1953 मध्ये आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शासकीय आश्वासन समिती नेमली गेली. प्रश्नोत्तराच्या तासात मंत्री ‘माहिती घेतो’, ‘विचार करतो’ असे म्हणून वेळ मारून नेतात; त्या प्रत्येक शब्दाची नोंद ठेवायची आणि तो पाळला का हे विचारायचे, हे तिचे काम. वेस्टमिन्स्टरमध्ये अशी समिती नव्हती. ती आपल्या अनुभवातून आली.

या समित्यांत पक्षाची धार बोथट होते. वर्तमानपत्रांत त्यांची बातमी क्वचितच येते. पण अधिकाऱ्याला फायली घेऊन सदस्यांसमोर बसावे लागते आणि कुठला पैसा कुठे गेला हे सांगावे लागते. 1923 चे कायदेमंडळ ठराव करू शकत होते. पैशाचा हिशेब मागून तो मिळवण्याची ताकद 1950 नंतरच्या सभेला आली.

अध्यक्षावरही टीका झाली. 18 डिसेंबर 1954 रोजी मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. विरोधकांची तक्रार होती की ते आपले प्रश्न आणि स्थगन प्रस्ताव नाकारतात. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार आसनावर होते. नेहरूंनी मावळंकरांची बाजू घेतली, पण या मतावर पक्षाचा आदेश बंधनकारक नाही, असेही आपल्या सदस्यांना सांगितले. ठराव फेटाळला गेला. अध्यक्षाची कसोटी उघड सभेत घेता येते हे त्या दिवशी कायम झाले.

आणि जनादेश मिळालेल्या या सभेने ते केले जे आधीच्या सभेला जमले नव्हते. 1954 मध्ये विशेष विवाह कायदा, 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा, 1956 मध्ये वारसा, पालकत्व आणि दत्तक यांचे कायदे झाले. हिंदू कोड बिलाचे तुकडे करून ते एकेक मंजूर झाले आणि विवाहाचे विधेयक लोकसभेत पुढे नेणारे होते खानदेशातले हरि विनायक पाटसकर. एकपत्नीत्व, घटस्फोट, वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा या गोष्टी कायद्यात आल्या. आंबेडकरांना हवे होते तितके त्यात आले नाही, पण 1951 मध्ये विधेयक अर्ध्यावरच थांबले होते. मधल्या काळात निवडणूक झाली होती. फरक तिने केला.

नकाशावरची सत्ता

संसदेची सत्ता किती खोल जाते हे महाराष्ट्राने स्वतःवर अनुभवले. घटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा, राज्य निर्माण करण्याचा वा मोडण्याचा अधिकार संसदेला साध्या बहुमताने दिला आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा बेत झाला तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, कुलाब्यातून निवडून आलेले, जुलै 1956 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि त्याची कारणे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितली. अखेर संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्याचा मार्ग घेतला आणि ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी अस्तित्वात आले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे पडली.

संसदेने कायदेशीर बहुमताने निर्णय घेतला होता. पश्चिम महाराष्ट्राने 1957 च्या मतपेटीत त्याला उत्तर दिले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले. मग त्याच संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात झाले. संसदेची सत्ता जिथून आली तिथेच दर पाच वर्षांनी तपासली जाते. ही तपासणी नसती तर तिसरे कलम म्हणजे केंद्राची मनमानी ठरले असते.

उघडा राहिलेला दरवाजा

एक गोष्ट मात्र व्हाइसरॉयच्या काळातून घटनेत तशीच आली. संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपतींना, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाला, वटहुकूम काढता येतो. विठ्ठलभाईंच्या निर्णयाला ज्या रस्त्याने वळसा घातला गेला तोच हा रस्ता. घटनाकारांनी त्याला कुंपण घातले: अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेची मान्यता न मिळाल्यास वटहुकूम संपतो आणि दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर असता कामा नये. मावळंकरांना हे कुंपण अपुरे वाटत होते. 1950 मध्ये आणि पुन्हा 1954 मध्ये नेहरूंना त्यांनी पत्रे लिहून सांगितले की वटहुकूम लोकशाहीच्या प्रकृतीला धरून नाही, अगदी तातडीच्या प्रसंगावाचून तो काढू नये, आणि आज आपण जी सवय लावू तिचा आधार उद्याची सरकारे घेतील. पंतप्रधान त्यांच्याच पक्षाचे होते आणि त्यांचे स्नेहीही. तरी त्यांनी लिहिले.

जानेवारी 1956 मध्ये आयुर्विम्याचा कारभार वटहुकमानेच सरकारकडे आला. आधी बातमी फुटली असती तर कंपन्यांनी पैसा हलवला असता, हे कारण खरे होते. काही महिन्यांत संसदेने रीतसर कायदा करून आयुर्विमा महामंडळ उभे केले. योग्य कारणासाठीही तोच दरवाजा वापरला गेला आणि म्हणूनच मावळंकरांची चिंता गंभीर होती. योग्य कारणांनी पडलेली सवय चुकीच्या कारणांना पुढे फार उपयोगी पडते. त्या वटहुकमानंतर दीड महिन्याच्या आत, 27 फेब्रुवारी 1956 रोजी, अहमदाबादेत त्यांचे निधन झाले.

त्या दहा वर्षांनी मिळवलेल्या गोष्टी सोप्या नव्हत्या. तिजोरीवरचा हक्क, सरकारला पाडण्याचा हक्क, प्रत्येक प्रौढाचे मत, स्वतःची कचेरी, हिशेब मागणाऱ्या समित्या, यांतले काही कायद्याने आले, काही निवडणुकीने आणि बरेचसे एका अध्यक्षाच्या चिकाटीने. पण यांतली एकही गोष्ट आपोआप टिकत नाही. संसद किती दिवस बसते, विधेयके समितीकडे जातात की तासाभरात उरकली जातात, मंत्र्यांची उत्तरे तपासली जातात की विसरली जातात, वटहुकूम अपवाद राहतो की रीत होतो, यांवर तिची सत्ता खरी आहे की नाही हे ठरते. ज्या सतरा कोटी लोकांच्या नावांनी ती उभी राहिली, त्यांच्या नातवंडांनी हे प्रश्न प्रत्येक सरकारला, आपल्या आवडत्या सरकारला तर आधी, विचारले पाहिजेत.